बैठकीपलीकडचं नेट

या अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारे बाकीचे लोक निवृत्त झालेले आहेत. माझी नोकरी अर्धवेळ आहे आणि मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकते आहे, म्हणून संपादकांनी विचारलं तेव्हा मी आधी नको म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही रोज लोकांच्या तक्रारी ऐकता, त्यातलं थोडं लिहा. तक्रारींमध्ये लोकांच्या घरातलं बरंच काही येतं, आणि ते लिहावं की नाही हे मला अजूनही नीट ठरवता आलेलं नाही. नावं बदलली आहेत. बाकी जसं आठवतं तसं लिहिते.

तिसगावात आमचं इंटरनेटचं ऑफिस आहे. आमचं म्हणजे अण्णांचं. अण्णा पूर्वी केबल टीव्ही चालवायचे, आता त्याच खांबांवरून फायबरची वायर नेतात. आजूबाजूच्या गावांमध्ये आणि वस्त्यांवर आमची कनेक्शनं आहेत. माझे वडील दूध संकलनाच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत, आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉम्प्युटर येत असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. वडिलांनी अण्णांना विचारलं आणि मी दुपारनंतर फोनवर बसायला लागले. अण्णांचा हिशोब वेगळा होता. ते म्हणाले, "मुलगी फोनवर असली की लोकं शिव्या गिळत्यात." हे अर्धंच खरं निघालं. लोक शिवी गिळतात, पण मग तीच गोष्ट दुप्पट वेळ सांगतात.

तक्रार एकच असते: नेट स्लो आहे. पहिल्या आठवड्यात मी ती तशीच लिहून घ्यायचे आणि लाईनमन सलीमभाईंना द्यायचे. सलीमभाई अण्णांकडे केबलच्या काळापासून आहेत. त्यांनी मला एकदा समोर बसवून सांगितलं, "बेटा, नेट दोन असतात. एक खांबावरून डब्यापर्यंत येतं, वायरीतून. दुसरं डब्यापासून मोबाईलपर्यंत जातं, हवेतून. आपन विकतो पहिलं. लोकं वापरतात दुसरं. भांडन सगळं या दोघांच्या मध्ये हाय."

डबा म्हणजे राऊटर. आमच्याकडे त्याला कोणी राऊटर म्हणत नाही. काही जण त्याला वायफाय म्हणतात, काही जण नुसतं 'मशीन'.

हवेतलं नेट कसं जातं हे लोकांना सांगायला मला बरेच दिवस जमत नव्हतं. पुस्तकात लहरी, वारंवारिता असं असतं, ते फोनवर सांगितलं की लोक गप्प होतात. मग एका लग्नाच्या दिवसांत मला उदाहरण सापडलं. लांबच्या वस्तीवर डीजे लागला की आपल्याला गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, नुसता धडधड आवाज येतो. जाड आवाज भिंतीतून, शिवारातून लांब जातो. बारीक आवाज जवळच विरतो. डब्यातून पण दोन तऱ्हेचं नेट निघतं. एक वेगवान असतं, पण भिंत आली की दमतं. दुसरं हळू असतं, पण दोन खोल्या पार करतं. फोनमध्ये एकाच नावाची दोन वायफाय दिसतात आणि एकापुढे पाचचा आकडा असतो, ते वेगवान. डब्याच्या खोलीत बसणार असाल तर ते धरा, लांब बसणार असाल तर दुसरं. एवढं सांगितलं की निम्म्या तक्रारी फोनवरच मिटतात.

उरलेल्या निम्म्या मिटवायला एक प्रश्न लागतो: डबा ठेवलाय कुठे?

या प्रश्नाची उत्तरं ऐकून मला माझ्याच तालुक्यातली घरं नव्याने कळली. डबा बहुतेक वेळा टीव्हीच्या मागे असतो आणि त्यावर क्रोशाचं विणलेलं झाकण असतं. धूळ बसू नये म्हणून. एका बाईंनी डबा लोखंडी कपाटात ठेवला होता, कारण उंदीर वायर कुरतडतात. मी कपाट उघडं ठेवून बघा म्हटलं, तर किल्ली मालकांकडे होती आणि मालक नगरला गेले होते. घोडेगावच्या बाजाराला जनावरं नेणारे एक व्यापारी आहेत. बाहेरगावची गिऱ्हाइकं त्यांच्याकडच्या गाई आधी व्हिडिओ कॉलवर बघतात. घरात नेट चांगलं आणि गोठ्यात गेलं की चित्र थांबतं, अशी त्यांची तक्रार. गोठा चारी बाजूंनी पत्र्याचा. पत्र्यातून हे नेट जात नाही असं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग गाय भायेर आनू का तुमचं मशीन आत नेऊ, तेवढं सांगा." मी गाय बाहेर आणा म्हटलं. त्यांना ते पटलं. गिऱ्हाईकाला उजेडात गाय जास्त चांगली दिसते, असं त्यांनीच नंतर कळवलं.

बाजारपेठेतल्या दुकानदारांची अडचण वेगळी. तिथे भिंतीला भिंत आणि प्रत्येकाचा डबा. सगळे डबे एकाच पट्टीत बोलत असले तर बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी एकदम भाव ओरडावा तसं होतं. कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. डब्यांच्या आत त्या पट्ट्या बदलता येतात. मी ऑफिसात बसून एकेकाची पट्टी बदलून दिली. ज्याचं सुधारलं त्याने फोन केला नाही, आणि ज्याचं आधीच बरं होतं त्याने फोन करून विचारलं की शेजाऱ्याला काय करून दिलं.

खंडेनवमीला तर दरवर्षी काही डबे जातातच. हत्यारं, यंत्रं पुजायची, मग आता घरातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र तेच. गिरणीवाल्या एका काकांनी डब्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि त्याच्याच पुढ्यात नारळ फोडला. पाणी आत गेलं. सलीमभाईंनी डबा उघडला तेव्हा आत पिवळं झालं होतं. काका म्हणाले, कसली वॉरंटी तुमची, देवाचं पाणी चालत नाही होय. अण्णांनी डबा बदलून दिला. अण्णा स्वतः ऑफिसातल्या मशीनची पूजा करतात, फक्त फूल लांब ठेवतात.

असं सगळं मी फोनवरून करत होते. घरोघर जायचं काम लाईनमनचं. ते माझ्याकडे आलं ते स्वातीवहिनींमुळे.

तिसगावपासून थोड्या अंतरावरच्या वस्तीवर नानांचं घर आहे. नाना गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. अजूनही दिवसभर त्यांच्या बैठकीत दोन-चार माणसं असतात. स्वातीवहिनी त्यांची सून. लग्नाआधी त्या पुण्यात एका कंपनीत होत्या. विम्याची प्रकरणं तपासायची आणि दवाखान्यांशी फोनवर बोलून घ्यायचं, असं काम. लग्नानंतर कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली म्हणून त्या इथे नांदायला आल्या. त्यांचे मिस्टर जेसीबी चालवतात, ते दिवसभर बाहेर.

वहिनींचा पहिला फोन आला तेव्हा मला त्या आजारी वाटल्या, इतक्या हळू बोलत होत्या. नंतर कळलं की त्या तशाच बोलतात, कारण भिंतीपलीकडे सासूबाई असतात आणि त्यांना फोनवर तक्रार करणं आवडत नाही. तक्रार अशी की बोलता बोलता कॉल तुटतो. मी सलीमभाईंना पाठवलं. त्यांनी बैठकीत डब्याजवळ उभं राहून वेग मोजला. भरपूर होता. नानांनीही आपल्या मोबाईलवर कीर्तन लावून दाखवलं, कुठेही थांबत नव्हतं. तक्रार बंद केली.

चार दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा सलीमभाई गेले, पुन्हा बैठकीत मोजलं, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी अण्णांनी दुसऱ्या लाईनमनला पाठवलं. त्यानेही येऊन सांगितलं की नेट झकास आहे. नाना त्याला म्हणाले होते, "नेटमदी काय खोट न्हाई. सुनंच्या लॅपटॉपमदीच हाय, न्हाईतर तिच्या मनात."

हे त्याने ऑफिसात हसत सांगितलं. अण्णापण हसले. मला हसायचं की नाही ते कळलं नाही.

पुढच्या वेळी वहिनींनी मला सगळं सांगितलं. त्यांच्या टीम लीडरने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. तोवर कॉल तुटणं थांबलं नाही तर पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. पुण्याला जाणं म्हणजे नवरा इथे आणि त्या तिथे. ते घरात कोणी मान्य करणार नव्हतं. म्हणजे नोकरी सोडायची. त्या म्हणाल्या, "ताई, सोडायचं दुःख वेगळं. पण घरात सगळ्यांना वाटतंय की मीच खोटं बोलते. नेट चांगलं आहे असं तुमचीच माणसं सांगून जातात ना."

मी विचारलं, लाईनमन आले तेव्हा तुमच्या खोलीत मोजलं का. त्यांनी आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाल्या, "ते आत कसे येतील?"

हे मला आधीच सुचायला हवं होतं, कारण आमच्या घरीही तसंच आहे. बाहेरचा पुरुष आला की बैठकीत बसतो, फार तर मधल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येतो. त्यापुढे स्वयंपाकघर, न्हाणी, बायकांचं उठणं-बसणं. लाईनमन कोणीही असो, तो डब्याजवळ मोजतो आणि चहा घेऊन जातो. सलीमभाईंना मी विचारलं तर ते म्हणाले, "मला कुनी अडवलं न्हाई कधी. पन मीबी कधी विचारलं न्हाई." इतकी वर्षं आमच्या ऑफिसने लोकांच्या घरातलं नेट मोजलं होतं ते सगळं बैठकीतलं होतं. आणि बैठकीत मोबाईल बघणारी माणसं वेगळी, आत काम करणारी वेगळी.

अण्णांना मी भीत भीत म्हटलं की मी जाऊन बघू का. ते म्हणाले, जा, पण वायर तोडू नको.

सलीमभाईंच्या गाडीवर मागे बसून मी गेले. नाना बैठकीत होते, शेजारी दोन पाहुणे. समोरची बाजू नवीन, स्लॅबची, गुळगुळीत फरशी. डबा टीव्हीखाली, आल्यागेल्याला दिसेल असा. नानांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुनाची गं तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"दुधाच्या टेम्पोवाला? त्याची पोरगी आता नेट बघती व्हय." ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बघा, आपल्या पोरांना सांगायला पायजे." हे कौतुक होतं की टोमणा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सलीमभाई खुर्चीवर बसले आणि मी आत गेले.

माझ्या फोनमध्ये एक साधं ॲप असतं, ते सिग्नल किती आहे ते आकड्यात दाखवतं. फोन हातात धरून चालत गेलं की कुठे आकडा पडतो ते दिसतं. बैठकीत उत्तम. मधल्या खोलीच्या दारात थोडा कमी. मधली खोली म्हणजे जुन्या घराचा उरलेला भाग, दगडी भिंतीचा. मी आत पाऊल टाकलं आणि थांबले. समोर ओळीने पत्र्याच्या कोठ्या उभ्या होत्या, धान्याच्या, माझ्या डोक्यापेक्षा उंच, अंगाला अंग लावून. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पत्र्याची भिंतच. बाजूने जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. मी त्या वाटेने पलीकडे गेले आणि फोनवरचा आकडा खड्ड्यात पडल्यासारखा खाली गेला. त्याच्यापुढे स्वयंपाकघर, भिंतभर स्टीलच्या भांड्यांची मांडणी, आणि त्या मांडणीच्या मागच्या खोलीत वहिनी लॅपटॉप घेऊन बसलेल्या.

त्यांच्या खोलीत नेट येत होतं, पण कधी धरायचं, कधी सुटायचं. बोलण्याच्या कॉलला वेग फार लागत नाही. सलगपणा लागतो. नुसतं कीर्तन ऐकायचं तर पुढचं थोडं आधीच साठवून ठेवलेलं असतं, मध्ये क्षणभर नेट गेलं तरी कळत नाही. समोरासमोर बोलताना साठवायचं काय? जे बोललोच नाही ते साठवता येत नाही. म्हणून नानांचं नेट चांगलं आणि वहिनींचं वाईट, दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

मी वहिनींना विचारलं, या कोठ्या पहिल्यापासून इथेच आहेत का. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांना सगळे आक्का म्हणतात. त्या म्हणाल्या, "पडवीत हुत्या. गहू झाला तवा आत आनल्या. भायेर उंदरं लई."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. नेट पहिले काही महिने चांगलं होतं आणि मग बिघडलं, असं त्या पहिल्यापासून सांगत होत्या आणि ते कोणाला पटत नव्हतं. कोठ्या आत आल्या आणि नेट गेलं. त्यांनाही हे सुचलं नव्हतं. पत्र्याच्या कोठीचा आणि कॉल तुटण्याचा संबंध कोण लावणार?

मी आक्कांना सांगितलं की पत्र्यातून हे नेट जात नाही. त्यांनी कोठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "म्हंजी माझ्या गव्हानं अडवलंय?"

"गव्हाने नाही आक्का, पत्र्याने. गव्हानेही थोडं."

"वरीसभराचा दाना हाय. ह्या आता रिकाम्या झाल्याबिगर हलायच्या न्हाईत."

ते बरोबरच होतं. डबा आत आणावा तर नाना म्हणाले, डबा बैठकीतच राहील, माणसं बसतात. तिसरा मार्ग सलीमभाईंना माहीत होता. बैठकीतल्या डब्यातून एक वायर काढायची, स्लॅबवरून मागे न्यायची आणि वहिनींच्या खोलीत दुसरा छोटा डबा बसवायचा. हवेला अडवता येतं, वायरीला नाही. नानांनी भिंत फोडणार नाही ना एवढं विचारून होकार दिला. सलीमभाईंनी वर चढून वायर टाकली आणि वहिनींच्या खिडकीच्या गजातून आत सोडली. मागच्या बाजूला न्हाणी असल्यामुळे ते तिकडे उतरले नाहीत, पुढूनच खाली आले.

आता वायरीच्या आतल्या टोकाला क्लिप लावायची होती. वायरीत आठ बारीक तारा असतात, त्या ठराविक क्रमाने लावून क्लिपमध्ये सरकवायच्या आणि पकडीने दाबायच्या. एक तार जरी चुकली तरी सगळं वाया. मी ते काम बघितलं होतं, केलं नव्हतं. मी खोलीतून ओरडून क्रम विचारला. सलीमभाई बैठकीतून ओरडले. मध्ये कोठ्या. मला नुसता आवाज आला, शब्द नाही. मग आक्का मधल्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या आणि इकडचं तिकडे सांगायला लागल्या.

"नारंगी-पांढरी म्हनतोय. मंग नुसती नारंगी."

"लावली."

"आता हिरवी-पांढरी. मंग निळी." त्या थांबल्या आणि बैठकीकडे तोंड करून म्हणाल्या, "अरं सलीम, हिरवीची जोडी मदीच का मोडली? नारंगीची तर संग लावली."

बैठकीतून उत्तर आलं की तसंच असतं आक्का, मलाही कोणी कारण सांगितलं नाही. आक्कांना ते काही पटलं नाही, पण त्यांनी पुढचे रंग सांगितले: निळी-पांढरी, हिरवी, मग चॉकलेटी-पांढरी आणि चॉकलेटी. वहिनी माझ्यासमोर टॉर्च धरून बसल्या होत्या. मी पकड दाबली. पहिल्या वेळी दिवा लागला नाही, कारण माझ्या तारा आतपर्यंत पोचल्या नव्हत्या. टोक कापून पुन्हा सगळे रंग. या वेळी आक्कांनी बैठकीला विचारलंच नाही, त्यांना क्रम पाठ झाला होता.

दिवा लागला. वहिनींनी एका मैत्रिणीला कॉल लावला आणि बराच वेळ बोलत राहिल्या, मुद्दाम, इकडचं तिकडचं. कॉल तुटला नाही. मी बैठकीत येऊन नानांना सांगितलं की लॅपटॉपमध्ये खोट नव्हती, कोठ्यांमुळे नेट अडत होतं. दोन्ही पाहुणे नानांकडे बघायला लागले. नाना म्हणाले, "मंग मी काय म्हनत हुतो? नेट चांगलंच हाय आपलं."

सगळं झालं असं वाटत होतं. निघताना सलीमभाईंनी नानांना विचारलं की इन्व्हर्टरची लाईन आतल्या खोलीत आहे का. नव्हती. इन्व्हर्टर बैठकीपुरता. म्हणजे दिवसा लाईट गेली की बैठकीतला डबा चालू राहणार आणि आतला बंद पडणार. आमच्याकडे लाईट कधी जाईल ते कोणी सांगू शकत नाही. आतपर्यंत लाईन ओढायची तर नवीन रंगाची भिंत खणायला लागली असती, त्याला नाना तयार नव्हते. डब्याला लावायची छोटी बॅटरी मिळते, ती नगरहून मागवू असं सलीमभाई म्हणाले, पण यायला काही दिवस लागणार होते. महिना संपायला आला होता.

वहिनी मधल्या दारात उभ्या होत्या, उंबऱ्याच्या आत. त्यांनी मला हळूच विचारलं, "आणि तेवढ्यात लाईट गेली तर?"

याचं उत्तर त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं असं मला वाटतं. लाईट गेली की लॅपटॉप उचलायचा आणि बैठकीत येऊन बसायचं. लॅपटॉपची बॅटरी चालते, डबा तिथे चालूच असतो. त्याला वायर लागत नाही, पकड लागत नाही. माझ्या ओठांवर आलं होतं. पण समोर नाना, दोन पाहुणे, आणि मी दुधाच्या टेम्पोवाल्याची मुलगी. सलीमभाईंनी पिशवी उचलली. मी वहिनींना म्हटलं, बॅटरी लवकर मागवते. गाडीवर सलीमभाई म्हणाले, "वायरीचं काम आपलं, बेटा. पुढचं त्या घराचं." मला ते पटलं नव्हतं.

पुढचे दिवस त्या नंबरवरून फोन आला नाही. वहिनींना विचारावं असं रोज वाटायचं, पण तक्रार बंद झालेल्या गिऱ्हाईकाला आपणहून फोन करायचा नाही असा अण्णांचा नियम आहे. विचारलं की लोकांना नवीन तक्रार आठवते. महिना संपला. बॅटरीचं खोकं नगरहून आलं आणि माझ्या टेबलाखाली पडून राहिलं, कारण सलीमभाई दुसऱ्या गावात खांब पडला म्हणून तिकडे होते.

मग एका दुपारी फोन आला. नाना स्वतः. ते कधी ऑफिसला फोन करत नाहीत.

"नेट स्लो हाय," ते म्हणाले.

मी विचारलं, कुठे बसलाय. सवयीने.

"लिंबाखाली."

अंगणाच्या टोकाला त्यांचा मोठा कडुलिंब आहे, तो मी पाहिला होता. मी म्हटलं, नाना, एवढ्या लांब ते नेट येणार नाही, बैठकीत बसून बघा.

"बैठकीत सूनबाई बसलीय. तिची मीटिंग चालू हाय."

नाना पुढे सांगत राहिले, तक्रारीच्या सुरात. महिनाअखेरीला सूनबाईचा तिच्या टीम लीडर मॅडमशी कॉल चालू असताना मध्येच लाईट गेली होती. बैठकीत माणसं बसलेली. सूनबाई लॅपटॉप घेऊन बाहेर आली, टीव्हीखालच्या टेबलाशी बसली आणि सगळ्यांना म्हणाली, आवाज करू नका. माणसं उठून ओट्यावर गेली. आक्कांनी दार ओढून घेतलं. "तिच्या मॅडमनं आता वर्षभर घरूनच कर म्हनून सांगितलंय. तवापासून लाईट असू दे नसू दे, ती बैठकीतच असती. ओट्यावर बोललं तरी आत ऐकू जातं म्हनती, म्हनून आमी लिंबाखाली. आज नगरचे पाहुने आल्यात, त्यांना व्हिडिओ दाखवायचाय, तर नुसतं गोल फिरतंय."

मला एकदम हलकं वाटलं, पण फोनवर तसं दाखवायचं नसतं. मी म्हटलं, नाना, आतल्या खोलीची बॅटरी आलेली आहे. सलीमभाई उद्या बसवतील. मग लाईट गेली तरी वहिनींना आत बसून काम करता येईल, तुमची बैठक मोकळी होईल.

पलीकडे पाहुण्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"ते राहू दे," नाना म्हणाले. "ती बॅटरी हितं लिंबाखाली एखादा डबा बसवायला चालती का, तेवढं सलीमला विचार."